पुंजाआप्पांच्या खळ्यातलं इंजिन

अंबडच्या माझ्या शेडमध्ये मी उन्हावर चालणारं इंजिन बनवलं. डिशमधले आरसे ऊन एका ओतीव लोखंडाच्या टोपीवर आणतात. टोपी लाल होते, आतली हवा फुगून दट्ट्या ढकलते आणि जनरेटर फिरतो. आरसे माझ्या बायकोने, प्रतिभाने चिकटवले होते. ती २००५च्या माघात गेली.

वैशाखात सटाण्याचे कांदा व्यापारी पुंजाआप्पा यांनी इंजिन बघायला मागितलं. लोडशेडिंगने ते वैतागले होते. त्यांनी घेतलं तर त्यांच्या ओळखीचे बाकीचे व्यापारीही घेणार होते. नाही घेतलं तर मला शेड बंद करावी लागणार होती.

विक्रीचं माझा मेहुणा कोंडाजी बघायचा. त्याला तमाशा हवा होता.

"दाजी, टोपी आधीच तापवून ठेवा. नारळ फुटला की इंजिन सुरू. माणसं बघत राहतील."

"नारळ लांब फोडायचा," मी बजावलं.

आम्ही इंजिन टेम्पोने सटाण्याला नेऊन आप्पांच्या खळ्यात उभं केलं. टोपी लाल झाली तशी माणसं जमली. मी पूजेचं ताट उचललं तसा कोंडाजीने माझा हात धरला.

"तुम्ही नका. विधुर माणूस पूजेला बसतो का? जोडप्याला करू द्या."

"तुझ्या बहिणीचं इंजिन आहे हे."

"म्हणून तर सांगतो. गप्प राहा."

त्याने मला पार भिंतीपाशी नेऊन उभं केलं. आप्पांच्या बायकोने, भागुबाईंनी फ्रेमला कुंकू लावलं. आप्पांनी दगडावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सरळ टोपीवर ओतलं.

"टोपीवर नको!" मी ओरडलो.

वाफ उठली. टोपी तडकली. कोंडाजी इंजिन सुरू करायचं चाक फिरवत राहिला, पण भेगेतून नुसती हवा फुसफुसत होती. जनरेटरला जोडलेला बल्ब लागला नाही.

"आम्ही दर दसराले डिझेल इंजिनवर नारळ फोडतस," आप्पा म्हणाले. "त्याले काहीच व्हत नही. तुमनं तर नारळालेच घाबरस!"

माणसं हसली.

"तुमचं इंजिन लाल तापवा, पाणी ओता, मग बोला," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाले शिकाडू नका." आप्पांनी चपला घातल्या आणि ते घरात गेले.

मी डिशचे बोल्ट काढायला लागलो. कोंडाजी शेजारी येऊन उभा राहिला.

"शुभकामात ओरडतं का कुणी? तुमच्यामुळे बिघडलं."

मी पुढचा बोल्ट काढला.

"पुढच्या वेळी टोपीला झाकण करू, दाजी."

"पुढची वेळ नाही. शेड बंद. आणि तू एसटीने ये."

मी ड्रायव्हरच्या मदतीने इंजिन टेम्पोत चढवलं, पुढे बसलो आणि त्याला निघायला सांगितलं.