संगप्पांचा पक्का लाल

आमच्या घरात एक जण रंग चढवतो आणि एक जण उतरवतो. चढवणारे आमचे हे, संगप्पा. चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर. उतरवणारी लेक पूनम. कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. कपडे दोघांचे मी धुते, त्यामुळं रंगाबद्दल माझंही मत आहे, पण विचारतंय कोण.

पूनमनं एक पावडर बनवलीय. रंगाच्या पाण्यात टाकून उन्हात ढवळत राहिलं की रंग मोडतो, पाणी निवळतं. एकट्या पावडरला ते झेपत नाही म्हणून दुसरीची जोड दिलेली. एकीनं ऊन पकडायचं, दुसरीनं ते वाया जाऊ द्यायचं नाही.

"म्हणजे लग्नच की," मी म्हणाले.

"आई, तसं नसतं." पण कसं असतं ते काही तिनं सांगितलं नाही.

तिच्या हेमावती मॅडमनी बजावलेलं, प्रयोगशाळेतला रंग गेला, ठीक. कारखान्याचं पाणी निवळून दाखव, तरच काम पुढं विद्यापीठाकडं पाठवते. त्या संध्याकाळी स्वतः बघायला येणार होत्या.

पाणी ह्यांनीच आणलं. कॅनभर, लालभडक.

"घाल तुझी पावडर. माझा लाल हाय त्यो. चादरी फाटल्या पर रंग गेला न्हाय. तुझ्या टबातनं कुटं जातोय?"

पूनम सकाळी गच्चीवर टब ठेवून ढवळत बसली. जेवायला खाली आली, तेवढ्यात हे वर जाऊन आले. जेवून आम्ही तिघं वर गेलो, तर पाणी लालच.

"बगितलंस? पक्का म्हंजे पक्का!" हे मिशीत हसले. मग पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि हसू मिशीतच अडकलं.

मी टबाकडं बघितलं. "अहो, हा टाकीच्या सावलीत कसा आला?"

ह्यांनी टोपी काढली, परत घातली. "म्या सरकवला. रंग कुनी उन्हात ठेवतंय व्हय? आमच्यात रंग सावलीतच. हात आपसूक गेला की."

"अप्पा! ऊनच तर लागतं त्याला!"

"मग सांगायचं की!"

"महिनाभर दुसरं काय सांगतेय?"

ह्यांनी टोपी खिशात कोंबली. डोक्यावर ओला टॉवेल टाकला, टब उन्हात ओढला आणि तिच्या हातातली काठी घेतली. "सर बाजूला. ढवळायचं काम माझं हाय."

शेजारच्या शरणम्मा धुतलेली चादर घेऊन वर आल्या.

"तिकडं वाळत घाला! सावली पडतीया!" हे ओरडले.

"एन्री, काय हो मास्तर, ऊन लागलं काय डोक्याला?"

"डोक्याला न्हवं, टबाला लागू द्या!"

लालाचा गुलाबी झाला, गुलाबी फिकटला. तसतसे हे टबावर आणखी वाकत गेले. मी पाणी नेऊन दिलं.

"वाईट वाटतंय?"

"गप. हात थांबतोय."

संध्याकाळी मॅडमनी टबातलं पाणी कागदातनं ग्लासात गाळलं, पलीकडं बोट धरून बघितलं, तर बोट लख्ख दिसलं. "पाठवते पुढं," म्हणाल्या. पूनमनं आधी अप्पांकडं बघितलं.

ह्यांनी ग्लास उजेडात धरला, एक डोळा मिटला. "ह्यो लाल जरा कच्चाच पडला हुता, मॅडम. उद्या निळा आणतो. त्यो घालवून दाखव म्हणावं हिला."

मॅडम हसत जिना उतरल्या. हे पूनमपाशी थांबले, आणि मला ऐकू येणार नाही अशा बेतानं, पण मला ऐकू आलंच, विचारलं, "निळ्याला ऊन जास्ती लागंल का गं?"