समोरचं घर

रस्ता रुंद झाल्यापासून समोरच्या घरात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, जायला अख्खा दिवस लागतो.

तेरहून पैठणला जाणारा हा फार जुना व्यापारी रस्ता. डांबर नुसतं वरवरचं. चौपदरी करताना मधले जुने पदरही उघडे पडले. त्यामुळे पलीकडे जाताना आधी ट्रक लागतात, मग बैलगाड्या, आणि अगदी मध्यावर पाठीवर कापडाचे गठ्ठे घेतलेले बैल. ते समुद्राकडे निघालेले असतात. त्यांची रांग संपेपर्यंत थांबावं लागतं.

आमच्या वडिलांनी, आबांनी, अंथरूण धरलं तेव्हा मी लुगडं हलवून अक्काला खूण केली. ती लगेच निघाली. आमच्या ओसरीवरून ती ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती.

"आली का रं पारू?" आबा अक्काचं नाव घेऊन विचारायचे.

"निघालीय, आबा."

ते मान डोलवायचे. ते गेले तेव्हाही अक्का तेवढीच दिसत होती.

स्मशान नदीकाठी, म्हणजे अक्काच्या बाजूला. आम्ही चौघांनी तिरडी उचलली. ट्रक थांबले. बैलगाड्या ओलांडेपर्यंत माझ्यापुढच्या केरबाचे केस पांढरे झाले.

मग बैल आले. पुढच्या माणसानं विचारलं, "काय नेताय?"

"आमचे आबा."

त्यानं हात वर केला. सगळी रांग उभी राहिली.

रांगेच्या पलीकडे एक म्हातारी बसली होती. मधे वाट झालेली पाहून ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. ती आबांपेक्षाही म्हातारी दिसत होती. मी तिला आवाजावरून ओळखलं.

"कोण, ज्ञानू? किती दिवसांनी थांबले रं हे. आबा कसे हायत?"

माझ्या खांद्यावर ओझं होतं. तिला नीट दिसत नसावं.

"वाट बघायलेत," मी म्हणालो.

"मग मला जाऊ दे." परक्या माणसाच्या तिरडीला जोडतात तसे तिनं हात जोडले, आणि बैलांमधून आमच्या घराकडे भराभरा निघाली. ती पलीकडे गेल्यावर बैल हलले. मधली वाट बुजली.

आता ती दिसत नव्हती. नुसता आवाज येत होता. ती चालता चालताच हाका मारत होती, "आबा! आबा!"

आमच्या खांद्यावरून ओ आली.