विचारणारी पेटी

"परत गेलं चित्र!" प्रोजेक्टरवाला फोनवर ओरडत होता. "चार मिनिटं नीट चालतं आणि मग फोटो काढल्यासारखं थिजतं. इथं म्हातारी माणसं मला खायला उठलीत."

इंजिनीअर मॅडमनी फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवला होता. मागून कुणा आजोबांचा आवाज आला, "अहो, आमचा नातू मघापासून हात पुढे करून उभा आहे. द्या की त्याला एकदाचा कागद!" सगळे हसले. त्या हसण्यातला ताईचा आवाज मी ओळखला.

कॉलेजचा पदवीदान समारंभ होता. सभागृहाला बावीस पायऱ्या आणि ताईच्या गुडघ्यांना चारही जड. म्हणून तिच्यासारख्यांची सोय शेजारच्या इमारतीत पडद्यासमोर केली होती. सकाळी मीच तिला हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. तिची मुलगी आज पदवी घेणार होती. आमच्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं.

"इथून सभागृहातल्यापेक्षा मोठी दिसेल बघ," मी म्हणालो. "माझ्या वायरीतून येणार आहे."

"मग नीट आण रे, धाकट्या," ताई म्हणाली. "मी दुसरं काही बघायला आलेली नाही."

एकतीस वर्षं मी त्या कॉलेजात नेटवर्कच्या वायरी ओढल्या. आत काय वाहतं ते मला मॅडमनी शिकवलं. या पद्धतीला मल्टिकास्ट म्हणतात. कॅमेऱ्याचं चित्र एकदाच निघतं. वाटेतल्या पेट्या, म्हणजे स्विच, ते फक्त मागेल त्याच खोलीत सोडतात. मागणाऱ्याचं नाव पेटीच्या यादीत चढतं. आदल्या दिवशी आम्ही ते लावून पाहिलं होतं. दोन मिनिटं स्वच्छ चित्र दिसलं आणि आम्ही खूश होऊन आवराआवर केली. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर!

मॅडम संगणकात डोकं घालून बसल्या होत्या. "इकडून चित्र बरोबर निघतंय, काका. पण तिकडच्या स्विचमधली यादीच रिकामी होतेय. पडदा बंद करून चालू केला की नाव चढतं, आणि चार मिनिटांनी पुसलं जातं. दर वेळी त्या बंद-चालूतच पाच मिनिटं जातात."

"असं कसं पुसेल?"

"दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारावं लागतं, अजून कोण कोण बघतंय म्हणून. पडदे 'मी आहे, मी आहे' म्हणतात आणि नावं टिकतात. इथं विचारणारंच कुणी दिसत नाही." त्यांनी मान वर केली. "एवढ्यात कुठली पेटी बंद केलीत का तुम्ही?"

सभागृहाखालच्या तळघरात एक जुनी पेटी होती. पंखा घरघरायचा, एकच वायर लावलेली. माझ्या वहीत प्रत्येक पेटीपुढे 'कोण वापरतं' असा रकाना होता. या पेटीपुढे तो कोराच. मंगळवारी साफसफाई करताना मी तिचा प्लग उपटला होता. कुणी वापरत नाही म्हणजे निकामी, असा माझा हिशेब.

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मॅडमनी मला दोनदा बजावलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तिसऱ्यांदा बोलणी खायची लाज वाटली.

"नाही," मी म्हणालो. "तरी खाली एक नजर टाकून येतो."

वाटलं होतं, गुपचूप प्लग लावू, कुणाला कळायचंही नाही. पळत गेलो. वॉचमननं किल्ली शोधण्यात पाच मिनिटं घालवली. प्लग लावला, पंखा घरघरला, एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. जुनी पेटी ती, उठायला वेळ घेणारच. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. डोक्यावर सभागृह. एकेक नाव पुकारलेलं छतातून ऐकू येत होतं, मागोमाग टाळ्या.

दिवा पिवळाच होता तेव्हा वर माझ्या भाचीचं नाव पुकारलं. पुरं नाव, मधे ताईच्या नवऱ्याचं. टाळ्या झाल्या. मग पुढचं नाव आलं. मग त्याच्या पुढचं.

दिवा हिरवा झाला तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी पेटीवरची धूळ पाहिली, त्या धुळीत उमटलेली माझी बोटं पाहिली.

"काका, तेव्हाच सांगितलं असतंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर विचारायचं काम मी वरूनच दुसऱ्या पेटीला लावलं असतं. एका मिनिटाचं काम होतं हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ताईकडे गेलो. भाचीची पाळी थिजलेल्या चित्रातच निघून गेली होती; पडद्यावर आता चित्र न अडखळता चाललं होतं. लोकांची पोरं येत होती, कागद घेऊन उतरत होती, आणि ताई प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती. मी तिच्या खुर्चीशी वाकलो.

"ताई, ऐक ना, माझ्याकडून..."

"थांब, नाव घेतायत," ती म्हणाली आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात भाची धावत आली, काळ्या झग्यात, घामेजलेली. "आई! पाहिलंस?"

"पाहिलं की," ताई म्हणाली. "खाली मान घालून गेलीस. शंभरदा सांगितलं असेल, मान वर ठेवून चालावं."

"अय्या, इथूनसुद्धा दिसलं तुला?" पोरगी खळखळून हसली. लहानपणापासून ती चारचौघांत मान खाली घालूनच चालते. "आणि मामा, तू?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी खाली होतो," मी म्हणालो. त्या दिवसात तेवढंच खरं बोललो.

भाचीनं कागद आईच्या मांडीवर ठेवला. ताईनं हात पदराला पुसले आणि त्या जाड कागदावरून बोट फिरवू लागली, वरच्या ओळीवरून खाली, पुन्हा वर.

"यात हिचं नाव कुठंय रे?"

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ते तिनं बराच वेळ उचललं नाही.