एका विमानाचे तास

राजेश्रीनं योगीराजच्या लॉगबुकचं एकोणिसावं पान स्कॅनरच्या काचेवर पालथं घातलं, झाकण लावलं आणि बटण दाबायच्या आधी पुन्हा उघडलं. पान सुलटं करून तिनं मधल्या एका ओळीवर नख टेकवलं. अठ्ठावीस नोव्हेंबर. सेसना. नोंदणीची शेवटची दोन अक्षरं के आणि झेड. उड्डाण नऊ दहाला, उतरणं दहा पंचेचाळीसला. मार्गाच्या रकान्यात ‘स्थानिक’ आणि कमांडरच्या रकान्यात ‘स्वतः’.

ती उठली. कपाटातून स्वतःचं लॉगबुक काढून तिनं दोन्ही वह्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. अठ्ठावीस नोव्हेंबरला के-झेड घेऊन ती एकटी दीडशे मैल लांबच्या धावपट्टीवर उतरली होती. नऊ दहा ते दहा पंचेचाळीस. मिनिटाचाही फरक नव्हता.

होणाऱ्या नवऱ्याच्या, योगीराजच्या, प्रशिक्षणाचा फॉर्म तिला संध्याकाळपर्यंत भरायचा होता. योगीराज आणि ती एकाच फ्लाइंग क्लबमधून शिकलेले, तो तिच्या एक तुकडी पुढे. दोघांकडे व्यावसायिक पायलटचं लायसन होतं आणि दोघंही दीड वर्ष घरी बसून होते. लायसनवर छोटी विमानं उडवता येत. कंपन्यांना उमेदवार हवा असे तो त्यांच्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चानं करून आलेला. सहा आठवडे सिम्युलेटर, अठरा लाख रुपये. तिचे वडील मुंजाजी नात्यातल्या लोकांना हे त्यांच्या पद्धतीनं समजावून सांगत. जीप चालवायचं लायसन असलं म्हणून कुणी हातात एसटी देतं का?

रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा मुंजाजींनी अर्धा तिच्या लायसनला लावला होता. उरलेला रेटिंगसाठी म्हणून बँकेत ठेवला होता. त्याला हात लावायचा नाही, असं ते तिच्या आईला, मालनबाईंना, दर सणाला बजावत.

मग पूर्ण्याहून नागेशरावांचं, म्हणजे योगीराजच्या वडिलांचं, स्थळ आलं. बैठकीत नागेशराव सतरंजीवर मांडी घालून बसले आणि हुंडा हा शब्द आपल्या घरात चालत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यांना सोनं नको होतं, गाडी नको होती. पोराचं रेटिंग तेवढं करून द्या, वर्षभरात तो नोकरीला लागतो आणि पगारातून तिचं करतो. घरात दोन पायलट. सगळ्यांनी माना हलवल्या. आतल्या खोलीत राजेश्रीनं कागदावर गणित मांडून पाहिलं होतं. एकाच वेळी दोघांचं जमत नव्हतं, एकापाठोपाठ एक जमत होतं. मांडणीत तिला चूक सापडली नाही. सुपारी फुटली. फॉर्म भरायचं काम तिच्याकडे आलं, कारण तिला त्यातलं कळत होतं.

आता ती एकोणिसाव्या पानापासून पुढे गेली. आणखी तीन दिवस सापडले. चारही दिवस ती के-झेडमध्ये एकटी होती. तिनं बेरीज केली. सात तास पाच मिनिटं.

मुंजाजी ओसरीत पेपर वाचत होते. तिनं दोन्ही वह्या त्यांच्यापुढे धरल्या आणि चारही ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही डोळ्यांजवळ आणली. एकतीस वर्षं त्यांनी हवामान केंद्रावर सकाळ-दुपार नोंदी घेतल्या होत्या. आकडे वाचायला त्यांना कधी वेळ लागत नसे. आज लागला.

“तुमी दोघं मिळून गेला असताल,” ते म्हणाले.

“मी एकटी होते, आण्णा. एकटीनंच जावं लागतंय, न्हाईतर ते तास धरत न्हाईत.”

“मग ह्यानं कसं लिवलं?”

“विमानाच्या रजिस्टरातून उतरवून घेतलंय. माझ्या वेळा घेतल्या, नाव आपलं टाकलं.”

मुंजाजींनी वही मिटली, पुन्हा उघडली. मग फोन घेऊन ते अंगणात गेले. राजेश्री दारात उभी राहिली. तिकडून नागेशरावांचा आवाज चढला नाही, एवढं तिला कळत होतं, कारण आण्णांचाही चढत नव्हता. ते ऐकत होते. मध्ये दोनदा हं म्हणाले. एकदा चपलेनं फरशीवरची मुंगी बाजूला सारली.

आत येऊन ते बाजेवर बसले आणि नागेशराव काय म्हणाले ते सांगू लागले. नाकारलं नाही त्यांनी. पोराला तब्येतीमुळं महिनाभर उडता आलं नव्हतं, तास कमी पडत होते, क्लबातल्याच एकानं जुळवून दिले. सगळेच थोडेफार जुळवतात. लायसन मिळालं, सरकारनं शिक्का मारला, विषय संपला.

“आणि माझ्या वेळा?”

मुंजाजींनी चष्मा काढून धोतराला पुसला.

“ते म्हणतेत, दोघांच्या वह्या एका टेबलावर आल्या तरच कुणाला दिसंल. पोरीनं कुठं अर्जच केला न्हाई, तर कोण ताडून बघायलंय?”

स्वयंपाकघरात मालनबाईंचं खलबत्त्यात चाललेलं शेंगदाणे कुटणं थांबलं.

“कधीच न्हाई?” राजेश्रीनं विचारलं.

“कधीच, असं काही म्हणाले न्हाईत.”

“वर्ष झालं तरी वह्या त्याच राहतेत, आण्णा. दहा वर्षं झाली तरी.”

मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पत्रिका छापून आल्यात, पन्नास तर वाटून झाल्यात, हे त्यांनी कुणाकडेही न बघता सांगितलं. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, “सात तासांनी काय व्हतंय गं? सात तासांत तर पुण्याची गाडी पोचत न्हाई.”

राजेश्रीला हसू आलं आणि ते लगेच गेलं. “माझे हायत ते, आई.”

“तुझे कोण काढून घ्यायलंय? तुझ्या वहीत हायतच की.”

मालनबाई आत गेल्या. कुटायचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

मुंजाजी बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “लय पाऊस असला की मी बी दोनचारदा खोलीतूनच आकडा टाकला, राजू. बाहेर गेलोच न्हाई. कुणाचं काय बिघडलं?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर केंद्रावर जायची. पारा वाचताना आपले डोळे पाऱ्याच्या पातळीत आणावे लागतात, वरून पाहिलं की आकडा चुकतो, हे ते तिला गुडघ्यात वाकून दाखवायचे. तिला पहिलीत मोजपट्टी वाचता यायची ती त्यामुळे. ते खरं सांगत होते की तिची समजूत काढायला आत्ता रचत होते, हे तिला ओळखता येईना. तिनं त्यांच्या हातातून दोन्ही वह्या काढून घेतल्या. त्यांनी सोडल्या.

ती टेबलाशी येऊन बसली. स्क्रीनवर अर्धा भरलेला फॉर्म होता. उमेदवाराचं नाव, लायसन क्रमांक, वैद्यकीय तपासणीची तारीख. त्याखाली एकूण तास आणि कमांडचे, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवल्याचे, तास. ती बराच वेळ त्या दोन रिकाम्या चौकटींकडे बघत राहिली. मग तिनं वरच्या चौकटीतलं नाव पुसलं. एक एक अक्षर मागे जात गेलं. सगळं रिकामं झाल्यावर तिनं हळूहळू राजेश्री लिहिलं, पुढे मुंजाजी, पुढे आडनाव. लायसनचा क्रमांक तिला पाठ होता.

पाठीमागे बाज करकरली. मुंजाजी उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ते वाकले. स्क्रीनवरच्या तिच्या नावाच्या पातळीत डोळे येईपर्यंत वाकले. त्यांचा श्वास तिच्या कानाजवळ लागत होता. तिनं मान वळवली नाही. कमांडच्या तासांसमोर तिनं स्वतःचा आकडा टाकला आणि तो लॉगबुकाशी पुन्हा ताडून पाहिला.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं. तो वाजत राहिला तेवढ्यात खलबत्ताही थांबला. मग त्यांनी फोन कानाला लावला. नागेशराव काहीतरी लांबलचक बोलले, बहुतेक फीच्या पहिल्या हप्त्याबद्दल, कारण आजच भरावा लागतो असं काहीतरी ऐकू आलं.

“हो,” मुंजाजी म्हणाले. त्यांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. “भरायलीय ती.”

पलीकडून आणखी काही विचारलं गेलं.

“न्हाई, चूक न्हाई व्हणार,” ते म्हणाले. “मी उभाच हाय हितं.”