अठरा नंबरच्या खोलीचं दार

मुलं मोजणं हे माझं काम. शाळा मंडळाच्या कचेरीत मी एकवीस वर्षं तेच करते आहे. पुढच्या वर्षी किती मुलं शाळेत येतील, त्यांना किती बाकं लागतील, किती खोल्या लागतील, हे आज सांगायचं. जन्मनोंदी असतात, नळजोडण्यांच्या याद्या असतात, पण कागद नेहमी मागून येतो आणि मूल आधी. म्हणून मी नव्या वसाहतींमधून पायी फिरते आणि बाल्कन्यांमधल्या दोऱ्या बघते. वाळत घातलेले इवले मोजे, लाळेरी, गुडघ्यावर ठिगळ लावलेली चड्डी. त्यावरून मी जो आकडा काढते तो आजवर कधी दहा-बारापेक्षा जास्त चुकला नाही. मंडळाचे अध्यक्ष चारचौघांत म्हणायचे, "आमच्या मोजणीबाईंना दोरी दाखवा, त्या बारसं सांगतील."

पाच वर्षांत गाव पूर्वेकडे भराभर वाढलं. जुन्या शाळेत मावेनात म्हणून मुलांना पत्र्याच्या खोल्यांमध्ये बसवलं. उन्हाळ्यात त्या खोल्या तापायच्या. एकदा एक मुलगी कविता म्हणता म्हणता खाली कोसळली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला उचलून माझ्या कचेरीतल्या पंख्याखाली आणून निजवलं. ती डोळे उघडेपर्यंत त्या तिचे तळवे चोळत राहिल्या आणि मग शांतपणे मला म्हणाल्या, "तुमचा आकडा काढा, बाई. मोठा काढा. मला इमारत हवी आहे."

मी आकडा मोठा काढला नाही. खरा काढला, आणि तो पुरेसा मोठा होता. त्याच आकड्यावर इमारतीचं सारं गाडं चाललं. अर्धा खर्च घरपट्टी वाढवून गावाने उचलायचा आणि अर्धा वरच्या निधी कार्यालयाने द्यायचा असं ठरलं. वाढीव घरपट्टीला गावाने हात वर करून होकार दिला. कुरकुर झाली, पण झालं. निधीसाठी महिनाअखेर फाइल पोचायला हवी होती. ती हुकली तर पुढची फेरी तीन वर्षांनी. तोवर पत्र्याच्या खोल्या. माझी नात त्या वर्षी बालवर्गात होती.

जागा मिळाली ती हमरस्त्याला लागून, लांबट. नकाशेवाल्याने इमारत रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेला, काढली आणि बसचं मैदान मागे पूर्वेला. माती तपासणाऱ्यांनी येऊन पश्चिमेला सहा बोअर घेतले. दोन पुरुष खोलीवर कातळ लागला. अहवालात उत्तम शेरा आला. सगळे खूश.

मग पालकांची सभा झाली. एक आई उठून म्हणाली, "मुलं वर्गात ट्रकचे हॉर्न ऐकणार की धडा? आणि उतरायचं कुठे, रस्त्यावर?" बोलणं रास्त होतं. अध्यक्ष, ज्यांचं फरशांचं दुकान होतं आणि जे कुठलीही गोष्ट फरशीसारखी फिरवून बसवू शकत, नकाशेवाल्याला म्हणाले, "उलटं करा की. इमारत मागे, मैदान पुढे. त्यात काय एवढं?"

नकाशेवाल्याने सभेतच तो पारदर्शक कागद उचलला, पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर धरला. इमारत पूर्वेला गेली, मैदान पश्चिमेला आलं. अक्षरं उलटी दिसत होती म्हणून मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "आता शाळेत उलटं वाचायला शिकवणार का?" सगळे हसले. मीही हसले. ठराव मंजूर झाला.

फाइल बांधायचं काम माझं होतं. दर पानाखाली "तपासले, जुळले" असं लिहून सही करायची, ही आमच्या कचेरीची रीत. महिनाअखेरीला चार दिवस होते. नवा नकाशा आणि मातीचा अहवाल एकमेकांवर ठेवून टाचणी लावताना मला उगाच वाटलं, बघू तरी. मी दोन्ही कागद काचेवर धरले. बोअरचे सहा ठिपके सगळेच्या सगळे बसच्या मैदानात पडले. इमारतीखाली एकही नव्हता. नकाशा पालथा झाला होता, जमीन होती तशीच होती.

त्या दुपारी जेवताना मी दिराला सहज विचारलं. तो सुतार. गावातल्या निम्म्या दारांना त्याचा हात लागलेला. "भाऊजी, त्या शाळेच्या जागेत पूर्वेच्या अंगाला पूर्वी काय होतं हो?"

"वीटभट्टी नव्हती का? मातीसाठी खणलेला खड्डा, पाण्याने भरलेला. मी पोहायला शिकलो तो तिथेच. म्हणजे एकदा बुडालो, मग शिकलो." तो घास तोंडात ठेवून हसला. "नंतर पाडलेल्या घरांचा राडारोडा टाकून बुजवला. का हो वहिनी, पोहायला जायचंय?"

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद काचेवर धरून पाहिले. त्यांना कळलं नाही असं नाही.

"नवे बोअर घ्यायला किती दिवस?"

"पाच आठवडे म्हणतात."

"आणि आपल्याकडे?"

"चार दिवस."

त्यांनी कागद खाली ठेवले. "पाया खोदताना दिसेलच काय ते. लागलं तर खोल जाऊ. आत्ता फाइल जाऊ द्या."

मोठ्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती मुलगी पुन्हा पडली तर मी तिच्या आईला काय सांगू, की ठिपके जुळत नव्हते? लिहा, बाई. जुळले म्हणून लिहा."

दुष्ट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. समोर भलं माणूस हात जोडून उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटते. मी लिहिलं. देवासमोर दिवा लावताना त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो बघत होताच.

पाया खोदला तेव्हा चरात पाणी लागलं. दोन दिवस पंप चालला. ठेकेदार म्हणाला, पावसाचं आहे. दोन महिन्यांत पाऊस नव्हता. मी अध्यक्षांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "मग दवाचं असेल," आणि लोखंडाच्या चिठ्ठीवर सही केली. तिसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

शाळा देखणी झाली. एकमजली, अठरा खोल्या, मोठाल्या खिडक्या. खिडक्यांना गज लावू नका, ही काय कोठडी आहे, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी मुलं आत धावली आणि आपली खोली शोधत सुटली. नातीला अठरा नंबरची मिळाली, अगदी पूर्वेच्या टोकाची. त्या दिवशी मला वाटलं, माफ झालं. इतकी मुलं हसतात तिथे अशुभ काय होणार?

दारांचं काम दिराचं होतं. दोन महिन्यांनी तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या बाहीला लाकडाचा भुगा होता. "अठराचं दार घासतंय. रंधा मारून आलो."

"लाकूड फुगलं असेल."

"असेल," तो म्हणाला.

मग पुन्हा गेला. मग पुन्हा. चौथ्यांदा परत आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही. ताटात बोट फिरवत बसला. "वहिनी, दार माझं आहे. गुण्यात आहे, चारी कोपरे काटकोनात, मी मापून बघितलं. चौकट वाकडी होते आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत कुठेतरी निघाली आहे. मी दाराला किती दिवस तासू? अशाने बिजागऱ्याच उरतील."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी अठरा नंबरच्या खोलीत गेले. दिराची एक सवय आहे. दाराला हात लावला की वरच्या बिजागरीशेजारी चौकटीवर पेन्सिलीने तारीख टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी वाद नको. मी बाकावर चढले. तारखा एकाखाली एक होत्या. पहिली, शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी. दुसरी त्यानंतर महिन्याने. तिसरी तेरा दिवसांनी. चौथी सहा दिवसांनी, म्हणजे कालची.

जन्मभर मी एवढंच केलं आहे. आकड्यांची रांग बघायची आणि पुढचा सांगायचा. या रांगेतला पुढचा आकडा दोन-तीन दिवसांचा होता.

अध्यक्षांच्या दुकानात गेले. त्यांनी ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाला फरशी दाखवली, मग म्हणाले, "दिराला सांगा, दार काढून पडदा लावा. मुलांना हवाही लागेल." मी हसले नाही. तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आता बोललात तर शाळा बंद होईल. पत्र्याच्या खोल्या तर आपण मोडून विकल्या. मुलं बसवायची कुठे? आणि कागदावर सही कोणाची आहे, तेही आठवा."

मी आठवत होते. दुसरं काहीच आठवत नव्हते. त्या रात्री नातीने विचारलं, "आजी, आमच्या वर्गात टकटक कोण करतं गं? बाई म्हणतात, उंदीर आहे. भिंतीच्या आत असतो का उंदीर?"

मी तिला कुशीत घेतलं. उद्या घरी ठेवावी असं मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. एकीला घरी ठेवायचं आणि बाकीच्यांना पाठवायचं? मग मी आजवर कोणाची मुलं मोजली?

सकाळी मी अहवाल आणि नकाशा पिशवीत घातला आणि दिराला सोबत घेऊन शाळेत गेले. पोचलो तेव्हा दुसरा तास चालू होता. अठराच्या बाहेर शिपाई दाराला खांदा लावून उभा होता. दार हलत नव्हतं. आतून वर्गाच्या बाई हाका मारत होत्या आणि मुलं खिदळत होती. त्यांना मजा वाटत होती.

दिराने दाराच्या वरच्या फटीत नख घातलं. फट उरलीच नव्हती. चौकट दारावर बसली होती. तो माझ्याकडे वळला आणि नुसता म्हणाला, "खिडकी."

गज नव्हते, देवाची कृपा. दीर बाहेरून खिडकीखाली उभा राहिला आणि आतून बाईंनी एकेक मूल त्याच्या हातात दिलं. मी मोजत होते. सव्वीस, सत्तावीस. माझी नात एकतिसावी. ती म्हणाली, "आजी, दप्तर राहिलं." चौतीस झाली, मग वर्गाच्या बाई उतरल्या.

मी थेट घंटेकडे गेले. मोठ्या बाई व्हरांड्यात धावत आल्या. "हे काय करता? कोणी सांगितलं?"

"मीच. सगळ्यांना बाहेर काढा, बाई. बसच्या मैदानात."

"एका दारासाठी?"

मी पिशवीतून दोन्ही कागद काढून त्यांच्या हातात दिले. खाली माझी सही होती. "मी जुळले म्हणून लिहिलं. जुळत नव्हतं. तुम्हीही जाणता." मी घंटेचा दोर धरला आणि ओढला, तो ओढतच राहिले.

मुलं रांगेने बाहेर आली. पटावर सहाशे बारा, त्या दिवशी गैरहजर एकोणीस. पाचशे त्र्याण्णव. मी फाटकापाशी उभी राहून एकेक डोकं मोजलं, मग शिक्षक, मग शिपाई, मग पाणी भरणाऱ्या मावशी. बसच्या मैदानात, त्या सहा ठिपक्यांच्या कातळावर, सगळी शाळा उभी राहिली.

काही झालं नाही. पाऊण तास गेला. इमारत उन्हात स्वच्छ उभी होती. मुलं कंटाळली, लहानांनी लंगडी सुरू केली. अध्यक्ष गाडीतून उतरले, आधी इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "मोठ्या बाई, मुलांना आत घ्या. उन्हात पोरं करपतील."

मोठ्या बाई दिराकडे गेल्या. विचारलं, त्या तारखा खऱ्या का. त्याने हो म्हटलं. शेवटच्या दोन तारखांत किती दिवसांचं अंतर, तेही विचारलं. त्याने सहा सांगितले. आणि आज? आज दुसरा दिवस, तो म्हणाला. त्यांनी हातातले कागद नीट घडी केले, पदराने कपाळ पुसलं आणि लहान मुलांच्या रांगेत, जमिनीवर, मांडी घालून बसल्या. त्यांना पाहून पहिलीचा वर्ग बसला. मग दुसरीचा. बघता बघता सगळं मैदान बसलं. उभे राहिले ते फक्त अध्यक्ष.

"बाई, उठा," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका पक्का नव्हता. "लोक काय म्हणतील?"

लंगडी थांबली होती. एवढी मुलं एका जागी इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

तेव्हा पूर्वेच्या टोकाकडून एक आवाज आला. मोठा नव्हता. वर्गात कोणी जड बाक हळूहळू ओढून भिंतीकडे न्यावं, तसा. थांबला. पुन्हा आला.

अध्यक्ष चटकन म्हणाले, "आत कोण राहिलंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी मोजलं आहे."