मेलितोनच्या पाठीवरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. आता खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. मान, हुद्दा, हारतुरे. तसलं काही माझ्या नशिबी नाही. मी आपली घडीची खुर्ची. कुस्को शहराच्या चढावरच्या गल्लीत एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी नळ्या जोडून मला बनवलं, वर जाड कापड ताणलं आणि फरशीवर दोनदा आपटून म्हणाला, "घ्या, ही काय मोडत नाही." ते खरं निघालं. पण मजबूत म्हणजे जड, आणि ते जडपण वाहायचं दुसऱ्याने.

मला विकत घेतलं ते डोंगरवाटेने पाहुणे नेणाऱ्या लोकांनी. इंकांच्या जुन्या दगडी वाटेने चार दिवस चालत पाहुणे माचू पिचूचे अवशेष बघायला जातात. पाहुण्यांच्या हातात काठी असते. तंबू, शेगड्या, पातेली, बटाट्यांची पोती आणि मी, असे सगळे हमालांच्या पाठीवरून जातो. बाकीची स्टुलं हलकी असतात. ज्याची पाठ दुखते त्या पाहुण्यासाठी मला बरोबर घेतात. लोकांना बसवायला जन्मले आणि जन्म गेला दुसऱ्याच्या मानगुटीवर बसण्यात. लाज वाटते हो मला.

हमालांनी माझं नाव ठेवलंय 'कोया', म्हणजे इंकांची राणी. "चला राणीसाहेब, पालखी तयार आहे," असं म्हणत आचारी कासियानो मला ओझ्यावर आवळून बांधतो. सगळे हसतात. मी काय हसणार, कप्पाळ.

एका खेपेला ऐन निघताना एका हमालाचा गुडघा सुजला. त्याच्या जागी लारेसकडच्या वरच्या वस्तीतून मेलितोन आला. पन्नाशी ओलांडलेला, टायरच्या चपला, दम टिकावा म्हणून गालात चघळायची कोकाची पानं. बाकीचे हमाल दुसऱ्या खोऱ्यातले, त्यांची त्याची ओळख नव्हती. मी त्याच्या वाट्याला आले. त्याने मला उचलून पाहिलं, "बाई गं, खातेस काय?" असं पुटपुटला आणि दोरी शोधू लागला. तेवढ्यात आमची गाईड आली. नेलीदा तिचं नाव. नवीकोरी, परीक्षा देऊन नुकतीच रुजू झालेली, चार शब्द बोलली की पाहुण्यांनी माना डोलवाव्यात अशी.

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही थिजली.

"बा, तू?" ती क्वेचुआत, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत म्हणाली.

"हळू बोल." मेलितोन खाली वाकून दोरीशी खटपट करू लागला. "मला काय माहीत ही टोळी तुझी म्हणून? ऐक. चार दिवस मी हमाल, तू सेन्योरिता, बाईसाहेब. हे लोक लांबून तुझं ऐकायला आलेत. हमालाची पोर म्हटल्यावर ऐकतील का?"

"बा, असं काही नसतं रे."

"असतं. मला शिकवू नकोस."

नेलीदाने तिथे पाय रोवून उभं राहायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं." मी त्यांच्या पायाशीच पडले होते. तिचा श्वास सुटला तो मला ऐकू आला. पोरीला हायसं वाटलं होतं. आणि तसं वाटल्याचं तिलाच इतकं लागलं, की ती पाहुण्यांची नावं पुकारताना दोनदा चुकली.

पहिल्या मुक्कामाला एक रीत असते. पाहुणे आणि हमाल समोरासमोर गोल करून उभे राहतात. प्रत्येक हमाल पुढे येऊन नाव, गाव, मुलंबाळं सांगतो आणि गाईड ते पाहुण्यांच्या भाषेत सांगते. मी तंबूच्या तोंडाशी होते. माझ्यात ग्रीता नावाची डच म्हातारी बसली होती, तिचीच पाठ दुखत होती. बाई मनाने फार चांगली. सगळ्यांना नावानिशी लक्षात ठेवायची.

मेलितोनची पाळी आली. त्याने टोपी काढली, नाव सांगितलं, वस्ती सांगितली. "एक मुलगी आहे," तो म्हणाला, "कुस्कोत असते. कपडे शिवते."

नेलीदाने ते जसंच्या तसं भाषांतर केलं. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही.

ग्रीताबाईने कौतुकाने विचारलं, "मुलीची आठवण येते का हो तुम्हाला?"

आता हा प्रश्न बापाला विचारायचा कुणी? तिनेच. नेलीदा जमिनीकडे बघत म्हणाली, "मुलीची आठवण येते का, विचारतायत."

"येते की," मेलितोन म्हणाला. "भेटते अधूनमधून. पण घाईत असते बिचारी."

"येते म्हणाले," नेलीदाने पाहुण्यांना सांगितलं. पुढचं तिने गाळलं.

दुसऱ्या दिवशी मोठी खिंड. तिला इथले लोक मेलेल्या बाईची खिंड म्हणतात. पायऱ्या ओल्या, धुकं, वारा. वाटेत मागून हमाल आले की गाईडने ओरडायचं असतं, म्हणजे पाहुणे डोंगराच्या अंगाला सरकतात आणि हमाल पळत पुढे जातात. आदल्या दिवसापासून नेलीदा छान खणखणीत ओरडत होती. मेलितोन मला घेऊन वळणावर आला तेव्हा ती ओरडलीच नाही. बाप वाट मिळेना म्हणून तिथेच उभा राहिला. ओझ्याखाली उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. त्याच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. माझा पाय त्याच्या बरगडीत रुतला होता आणि मला तो काढून घेता येत नव्हता. देवा, त्या वेळी मी लाकडाची असते तर मोडून पडले असते.

"ओरडा की, सेन्योरिता," तो शांतपणे म्हणाला.

"हमाल येतोय," ती ओरडली. "बाजूला व्हा."

पाहुणे बाजूला झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मेलितोन मान खाली घालून गेला. नेलीदा बुटाच्या नाड्या बांधत बसली. त्या सुटलेल्या नव्हत्या.

त्या दिवसानंतर ती बापाच्या ताटात उकडलेला मका वाढून दे म्हणून कासियानोच्या मागे लागायची. कासियानो म्हणायचा, "काय सेन्योरिता, म्हाताऱ्यावर भारी लोभ तुमचा." ती पाहुण्यांच्या तंबूकडे वळायची. मेलितोन ताटात बघत मक्याचे दाणे सोलत राहायचा.

शेवटच्या मुक्कामाला निरोप असतो. पहाटे पाहुणे अवशेषांकडे जातात आणि हमाल तंबू गुंडाळून उलट खाली गाडी पकडायला धावतात. माचू पिचूच्या दारापर्यंत सगळं वाहून आणणारा माणूस आत जात नाही. तर त्या संध्याकाळी ग्रीताबाई माझ्यातून उठली आणि मेलितोनसमोर गेली. तिच्या हातात तिची स्वतःची शिवणाची डबी होती. सुया, छोटी कात्री, रंगीत रिळं.

"ही तुमच्या मुलीला द्या," ती म्हणाली. "आणि तिला सांगा, तिच्या बापाने मला डोंगरावर बसायला खुर्ची आणली. असा बाप असल्याचा तिला अभिमान वाटला पाहिजे."

सगळे नेलीदाकडे बघू लागले. ती भाषांतर करणार म्हणून.

मेलितोनला शब्द कळले नव्हते, पण डबी कळली. तो घाईघाईने क्वेचुआत म्हणाला, "घेतो म्हणून सांग. देतो म्हणून सांग. संपव लवकर."

नेलीदा पाहुण्यांच्या भाषेत म्हणाली, "त्यांची मुलगी शिवत नाही. त्यांची मुलगी मी आहे. मला लाज वाटत होती." आणि ते संपल्यावर तिने तेच क्वेचुआत सांगितलं, कासियानोला आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असं. शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नाही.

मेलितोनचा चेहरा उतरला.

"झालं समाधान?" तो हळूच म्हणाला. "चार दिवस सांभाळलं होतं मी."

"तूच कशाला सांभाळायचं रे, बा?"

ग्रीताबाई रडू लागली. तिने मेलितोनचा दंड धरून त्याला माझ्याकडे आणलं आणि बसा, बसा अशी खूण केली. तो नको नको म्हणत होता. शेवटी नेलीदा म्हणाली, "बस ना बा," आणि तो बसला.

बसला म्हणजे काय, टेकला. टाचा जमिनीत रोवून, मांड्या ताणून, सगळा भार स्वतःच्याच पायांवर. माझ्यावर त्याचं वजन आलंच नाही. पाहुण्यांना तो बसलेला दिसला, त्यांनी फोटो काढले. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

"नीट टेक की," नेलीदा म्हणाली.

"मोडेल गं," तो म्हणाला.

मला खिंडीवरून ज्याने आणलं, तो हे म्हणाला.

पहाटे त्याने मला परत पाठीवर घेतलं आणि खाली उतरला. त्यानंतर तो आमच्या टोळीत आला नाही. नेलीदा येते. पहिल्या मुक्कामाच्या गोलात आता सगळ्यांत आधी ती स्वतःच्या बापाचं नाव सांगते. माझं कापड एका कडेने उसवलंय, नळ्यांना गंज चढलाय, गोदामात मी भिंतीला टेकून असते. अजून कुणाची पाठ दुखली की मला बाहेर काढतात, आणि पाहुणे धप्पकन बसतात, पाय लांब करून. बसू देत, त्यांचा काय दोष.

माझं मागणं मेलितोनपाशी आहे. बाबा, कधी कुस्कोला पोरीकडे आलास तर वाट वाकडी करून इकडे ये. ये आणि एकदा माझ्यावर सगळा भार टाकून बस. मी मोडणार नाही रे.