रुखवतातली आजी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात विमलाचं घर म्हणजे एक खोली आणि नावापुरतं स्वयंपाकघर. पण सुई मागा, सुतळी मागा, बाई डोळे मिटून काढून देणार. दिवाणाखाली श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीने लावलेले. एकात मणी, एकात टिकल्या, एकात जर, एकात आइस्क्रीमच्या धुऊन वाळवलेल्या काड्या. प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. लोकर आणि दोऱ्यांना तर कपाटाचा अख्खा खण मिळाला होता, आणि नवऱ्याला, दत्तारामला, अर्धा. "ह्यां घर आसा की दुकान?" असं तो महिन्यातून एकदा विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता चहा मागायचा.

दुकान असतं तर बरं झालं असतं. विमलाने कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. मागणाऱ्याने मागायचं आणि हिने करून द्यायचं. मागणारी बहुतेक वेळा एकच, घाटकोपरला राहणारी धाकटी बहीण शीतल.

तीन वर्षांपूर्वी शीतलच्या मुलीचं, अपूर्वाचं लग्न ठरलं, तेव्हा शीतल ह्याच दिवाणावर बसून म्हणाली होती, "ताई, रुखवत तुझ्याच हातचं हवं. विकतचं नको गं बाई." झालं! चार महिने विमलाच्या घरात ताट मांडायची पंचाईत. सुपारीच्या बाहुल्यांची सप्तपदी, बैलगाडी, मंगळागौरीच्या फुगड्या, काय काय केलं तिने. दत्ताराम ओट्याशी उभा राहून जेवला, पण कुरकुरला नाही, कारण काम होतंच तसं देखणं.

आणि आजी. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "नातीच्या लग्नाला आई हवी होती गं," म्हणून शीतल रडली, तशी विमलाने आईची हिरवी नऊवारी बाहेर काढली. तिच्या वाट्याला आलेली आईची ती एकच वस्तू. कात्री लावण्याआधी तिने ती दोनदा घडी घालून परत ठेवली. मग तिचा एक तुकडा वीतभर बाहुलीला नेसवला. तारेचा चष्मा, नाकात एक मणी आणि मुठीत अक्षता. डाव्या मुठीत, कारण आई डावखुरी होती. लग्नात एका काकूंनी हटकलंच, "अक्षता काय डाव्या हाताने टाकतात?" तेव्हा दोघी बहिणी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या होत्या.

लग्नानंतर रुखवत अपूर्वासोबत सासरी गेलं, असं विमला धरून चालली. शीतल मात्र पुढेही मागतच राहिली. नणंदेच्या मुलीसाठी जातं आणि उखळ हवंय. जावेच्या भाचीसाठी पालखी हवीये. विमला करून देत राहिली. कुणाच्या तरी पोरीचं लग्न सजतंय, ह्यातच तिला सगळं मिळत होतं. आता शीतलने तुळशीवृंदावन मागितलं होतं, तेही अर्धं झालं होतं.

परवाच्या रविवारी मुलुंडला दत्तारामच्या जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. हॉलमध्ये शिरल्यावर विमला आधी रुखवत बघणार, नवरी नंतर. ती टेबलाशी गेली आणि जागच्या जागी थबकली. बैलगाडी तिची. जातं आणि उखळ तिचंच. जावेच्या भाचीची पालखीही तिथेच. तरी तिने मनाला समजावलं, हल्ली सगळ्या एकमेकींचं बघून करतात. मग सप्तपदीच्या टोकाला आजी दिसली. हिरवी नऊवारी, तारेचा चष्मा, डाव्या मुठीत अक्षता.

नवरीची आई, रुचिरा, कौतुकाने शेजारी येऊन उभी राहिली. "छान आहे ना? भाड्याने आणलंय. घाटकोपरला एक बाई आहेत, सगळं स्वतःच्या हाताने करतात. ही आजी तर त्यांच्या आईच्या साडीची आहे म्हणे. सांगताना डोळे भरून आले हो त्यांचे."

"हो का?" एवढंच विमला म्हणाली. लोकांच्या शुभकार्यात तमाशा करणारी ती नव्हे. आजीचा चष्मा एका बाजूला कलला होता, तो तिने बोटाने सरळ केला. पोट दुखतंय असं दत्तारामला सांगून ती न जेवताच निघाली. पोट कसलं दुखतंय! अंगाची नुसती आग होत होती. भाड्याचं तिने एक वेळ गिळलं असतं. पण ते डोळे भरून येणं!

संध्याकाळी शीतलचाच फोन आला. "ताई, वृंदावन झालं का गं?"

"मुलुंडला लग्नाला गेले होते," विमला म्हणाली. "तिथे आई भेटली."

"अगं, अपूर्वाच्या सासरी ठेवायला जागा नव्हती. माझ्या माळ्यावर धूळ खात पडलं होतं सगळं. एकीने मागितलं, दिलं. मग दुसरीने मागितलं. एवढं काय त्यात?"

"आणि नणंदेची मुलगी? जावेची भाची?"

"खरं सांगितलं असतं तर करून दिलं असतंस तू?"

"दिलं असतं." विमला म्हणाली, आणि तिने खरंच दिलं असतं. "तू विचारलंच नाहीस. बाकीचं सगळं ठेव तुला. माझी आई मला आणून दे. उद्याच्या उद्या."

"उद्या कसं जमेल? सगळ्यांना तीच तर हवी असते. तीस तारखेपर्यंत बुकिंग आहे तिचं." मग शीतलला काहीतरी सुचलं असावं. तिचा आवाज मऊ झाला, त्या दिवशी दिवाणावर बसून बोलली होती तसा. "असं कर ना ताई, आईच्या साडीचा तुकडा उरलाय ना तुझ्याकडे? त्याचीच दुसरी कर. तुझा हात काय, दोन दिवसांत होईल."

मुलुंडहून आल्यापासून विमला एक डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्यावरच्या चिठ्ठीवर 'आई' लिहिलं होतं आणि आत हिरव्या कापडाची नीट घातलेली घडी होती.

"नाही उरला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बहिणीशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती. तिने डबा बंद केला, पण दिवाणाखाली ठेवला नाही. उठून कपाट उघडलं आणि दत्तारामच्या अर्ध्या खणात, त्याच्या शर्टांच्या मागे तो आत सारला. दिवाणाखालचे सगळे डबे शीतलला ठाऊक होते.